पडद्यावरील साहित्यवाचन आणि आपले हक्क

(बोईसर येथील तरुण मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार करून)



पालघर, बोईसर व तारापूर या भागातील काही तरुण-तरुणींनी एक ऑनलाइन साहित्यवाचन करावयाचे योजिले आहे. आजवर ज्यांची एक ओळही छापून आलेली नाही असे कवी, कथाकार, गायक व निवेदक त्यात आपापल्या घरून भाग घेणार आहेत. त्यांत वारली आहेत, बौद्ध आहेत, किनाऱ्यावरील मांगेले आहेत, आणि औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारी बिहार-ओडिशाकडील मुलेही आहेत. या मंडळींनी मला बोलाविले ते एवढ्यासाठी की, आपल्यावर कोणी खटला तर भरणार नाही ना, हे त्यांस जाणून घ्यावयाचे होते. वकिलास बोलाविले म्हणजे तो कलमे सांगणारच, आणि ती मीही सांगणार आहे. परंतु खटल्याचा प्रश्न मागाहून येतो. मंच कोणाच्या हाती आहे, त्यावर कोणास कोणत्या क्रमाने व कोणत्या भाषेत बोलू दिले जाते, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. म्हणून प्रथम त्याविषयी बोलतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापावयास ‘केसरी’ तयार झाला नाही, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. ज्यांच्या हाती छापखाना होता त्यांच्या दारात आपली जाहिरातसुद्धा उभी राहू शकत नव्हती. यावर बाबासाहेबांनी दारात बसून विनवण्या केल्या नाहीत. ‘बहिष्कृत भारत’ 1927 साली, ‘जनता’ 1930 साली आणि ‘प्रबुद्ध भारत’ 1956 साली असे आपल्या मालकीचे दार पुनःपुन्हा उभे केले. परंतु वृत्तपत्र वाचण्यासाठी वाचता यावे लागते, आणि त्या काळी आपल्या वस्तीत वाचता येणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागे. तेथे जलसा उपयोगी पडला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी मोकळ्या जागेत, कंदिलाच्या उजेडात, ऐकणारे जेथे होते तेथे जाऊन चळवळ पोहोचविली. जलशाला सभागृहाचे भाडे भरावे लागत नव्हते आणि कोणा संपादकाची पसंती मिळवावी लागत नव्हती. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव जे गाऊन ठेवले, त्यातील कितीतरी गाणी लोकांच्या तोंडी आधी बसली व कागदावर नंतर आली. साहित्य म्हणजे छापलेले पुस्तक, ही समजूत ज्यांची आहे त्यांनी हा इतिहास एकदा नीट पाहावा.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत नायगाव येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्या माणसास विद्यापीठाच्या व्यासपीठावर त्या वेळी कोणी बोलाविले नसते, तो माणूस आपल्या संमेलनाचा उद्घाटक होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा सव्वा वर्षही पुरते लोटले नव्हते. अशा वेळी लोकांनी साहित्यसंमेलन भरविले, याचे आजच्या मुलांना नवल वाटते. मला त्याचे नवल वाटत नाही. ज्याचे दुःख मोठे असते त्यास बोलण्याची निकड असते.

आता पालघरचीच गोष्ट. हे पालघर ठाणे जिल्ह्यात होते तेव्हाची. (पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला.) 1990 साली येथे पाचवे आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि भिल्ल कवी वाहरू सोनवणे त्याचे अध्यक्ष होते. ज्यांची ‘स्टेज’ ही कविता आज अनेक भाषांत गेली आहे, तेच हे वाहरू सोनवणे. मंचावर कोण चढतो, खाली कोण बसतो, आणि खाली बसलेल्यांचे दुःख मंचावरून कोण सांगतो, एवढाच त्या लहानशा कवितेचा विषय आहे. आपल्या कार्यक्रमाच्या संयोजकांना माझे सांगणे आहे की, बैठकीस बसण्यापूर्वी ही कविता सर्वांनी एकदा मोठ्याने वाचावी. कार्यक्रमपत्रिका कशी करावी हे त्यानंतर मला फारसे सांगावे लागणार नाही.

ऑनलाइन कार्यक्रमाची सवय आपल्या लोकांना लागली ती 2020 साली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली आणि 14 एप्रिलची जयंती घराच्या चार भिंतींत करावी लागली. त्याच वर्षी 6 डिसेंबर रोजी चैत्यभूमीवर येऊ नये, घरूनच अभिवादन करावे, असे सांगण्यात आले. ज्या लोकांचे वर्षभराचे पुस्तक-खरेदीचे ठिकाण दादरचे ते मैदान, त्यांच्यावर हा केवढा प्रसंग होता हे बाहेरच्यांस समजणार नाही. तेव्हा मोबाईलवर व्याख्याने झाली, कवितावाचने झाली, गाण्यांच्या बैठकी झाल्या. साथ ओसरली, पण ही रीत राहिली. आणि ती राहिली याला सबळ कारणे आहेत.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. डहाणूपर्यंत मुंबईची लोकल आली ती 16 एप्रिल 2013 रोजी. जव्हार व मोखाडा यांना आजही रेल्वे नाही. मोखाड्याच्या पाड्यावरील मुलीने संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी बोईसरला यावयाचे म्हणजे रात्री मुक्काम आला, मुक्काम आला म्हणजे घरची परवानगी आली, आणि तेथे बहुधा कविता संपते. बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी असलेला मुलगा सभागृहात येऊ शकत नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी आपल्या खोलीत बसून दहा मिनिटे मात्र वाचू शकतो. गयेकडील मुलगा येथे जे वाचील ते त्याची आई गावी बसून ऐकू शकेल. जिला स्वयंपाक आवरल्याशिवाय उठता येत नाही ती बाई चुलीपाशी बसून ऐकील. जलसा लोकांच्या दारी जात असे. त्याच्या जवळ जाणारी ही सोय आहे असे मी मानतो.

परंतु सोयीची दुसरी बाजू दडवून ठेवणे मला जमणार नाही. घरात मोबाईल एक आणि तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात, अशी स्थिती असलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. डोंगराच्या वळणावर संपर्क तुटतो. पावसाळ्यात वीज जाते. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगी जीवनाच्या हक्काचा भाग मानला. तिच्या वसतिगृहाने ठरावीक वेळी मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात सांगितले की, इंटरनेटच्या मार्गाने केलेल्या भाषणासही संविधानाच्या कलम 19 (1) (क) चे संरक्षण आहे. हे दोन्ही निकाल मोलाचे आहेत. तथापि निकालपत्राने पाड्यावर मनोरा उभा राहत नाही. म्हणून संयोजकांनी प्रत्येक तालुक्यात एखादी शाळा, वाचनालय वा विहार अगोदर ठरवून ठेवावा, जेथे चार माणसे एकत्र बसून एकाच यंत्रावरून भाग घेऊ शकतील. ज्याचा संपर्क तुटेल त्याची पाळी रद्द न करता शेवटी पुन्हा द्यावी. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु मी पाहिले आहे की, संपर्क तुटतो तो बहुतेक वेळा त्याच माणसाचा, ज्यास आयुष्यात पहिल्यांदा बोलावयास मिळालेले असते. आणि निवेदक ‘तांत्रिक अडचण’ म्हणून पुढल्या नावाकडे वळतो.

आणखी एक गोष्ट. या बैठकींत दुसऱ्याचा आवाज बंद करण्याची कळ यजमानाच्या हाती असते. त्या क्रियेस सर्वजण ‘म्यूट करणे’ म्हणतात. ज्यांच्या पहिल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ होते त्यांच्या नातवंडांनी ही कळ कोणाच्या हाती द्यावयाची याचा विचार केलेला बरा. माझी सूचना अशी की, ती दोघांच्या हाती असावी, त्यांत एक स्त्री असावी, आणि कोणाचा आवाज कोणत्या कारणास्तव बंद करता येईल हे कार्यक्रमाच्या आरंभी सर्वांना वाचून दाखवावे.

आता कार्यक्रमाच्या रचनेविषयी. ‘विविधता’ हा शब्द अलीकडे फार गोड झाला आहे. मोठ्या शहरांतील साहित्योत्सवांत या शब्दाचा अर्थ पुष्कळदा असा होतो की, आरंभी तारपा वाजतो, पाहुणे टाळ्या वाजवितात, तारपकरी उठून जातो आणि मग साहित्याचा कार्यक्रम सुरू होतो. तारपा ही जणू दारावरची तोरणमाळ. आपल्याकडे असे होता कामा नये. घांगळीच्या साथीने भगत जी कंसारीची कथा सांगतो ती कथा आहे; तिला आरंभ आहे, पात्रे आहेत, प्रसंग आहेत. लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते त्यांचा क्रम व अर्थ तिला तोंडपाठ असतो, आणि तिच्याशिवाय वारल्यांचे लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र जगापुढे नेले व 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु लग्नचौक मुळात बायकांनी लिहावयाचा, आणि त्यापुढे गाणारी धवलेरीही बाईच, हे सांगावयास आपण विसरतो. तेव्हा कवीला जर पंधरा मिनिटे, तर घांगळीवाल्याला पंधरा मिनिटे आणि धवलेरीला पंधरा मिनिटे. स्वागतगीत म्हणून कोणाचाही वापर नको.

भाषेविषयीही हेच. आपल्या जिल्ह्यात वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी अशा कितीतरी बोली आहेत. संविधानाच्या कलम 29 (1) प्रमाणे, ज्या नागरिकांची स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे त्यांस ती जतन करण्याचा मूलभूत हक्क आहे. लेखकाने आपल्या बोलीत आधी वाचावे. ज्यास समजले नाही त्याच्यासाठी मराठीत किंवा हिंदीत अर्थ नंतर सांगावा. अर्थ आधी सांगितला की ऐकणारा मूळ आवाजाकडे लक्ष देत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि वाचणाऱ्याचे ‘शुद्धलेखन’ कोणी बैठकीत दुरुस्त करू नये. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून शाळेत ज्यांचे हसे झाले, त्यांतील कितीकांनी पुढे लेखणीच टाकली. आपल्या सभेत ते पुन्हा घडू नये.

या मंडळींपैकी एका मुलीने मला विचारले की, मी केवळ पहिल्या नावाने वाचले तर चालेल का? आडनाव सांगितले की ऐकणाऱ्याच्या कानात कविता शिरण्याआधी जात शिरते, असे तिचे म्हणणे. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाचे म्हणणे उलट होते. तो म्हणाला, आडनाव लपविले तर आपण भ्यालो असे होईल. दोघांचेही बोलणे खोटे नव्हते. बाबूराव बागुलांच्या ज्या कथासंग्रहाने 1963 साली मराठी वाचकांना हादरा दिला, त्याच्या नावातच जात चोरण्याची गोष्ट आहे. म्हणजे हा प्रश्न आजचा नव्हे. कायद्यापुरते सांगावयाचे तर लेखकाला टोपणनावाने किंवा निनावी लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याने त्याचा लेखनावरील हक्क जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 23 मध्ये अशा लेखनाचा स्पष्ट विचार केलेला आहे. माझे स्वतःचे मत असे आहे की, नाव कसे सांगावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि संयोजकांनी नोंदणीच्या कागदावर आडनावाचा रकानाच ठेवू नये. ज्यास ते अभिमानाने सांगावयाचे आहे तो आपणहून सांगेल.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण तो माझ्याकडे वारंवार येतो. पुष्कळांना वाटते की, आपण बौद्ध असे लिहिले की अनुसूचित जातींना मिळणारे कायद्याचे संरक्षण आपल्याला राहत नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक वर्षे केंद्राच्या बाबतीत ही अडचण खरोखरच होती. कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूंखेरीज अन्य धर्माच्या व्यक्तीस अनुसूचित जातीची मानावयाचे नाही, असा तिसरा परिच्छेद होता. 1956 साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वर्षी पालघरला आदिवासी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी ही चौतीस वर्षांची अडचण दूर झाली. आज अनुसूचित जातीतील बौद्धास 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण पूर्णपणे आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत तर धर्माची अशी अट मुळातच नव्हती.

हे संरक्षण ऑनलाइन सभेत कसे लागू पडते? वाचन चालू असता बाजूला शेरे लिहिले जातात. त्यांत कौतुक असते, तशी घाणही असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 (1) मधील (आर) व (एस) या उपखंडांप्रमाणे, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या माणसाने त्या जाती-जमातीच्या व्यक्तीस लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित करणे किंवा जातीवरून शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. पडद्यावरची सभा ही ‘लोकांच्या नजरेतील जागा’ होय काय, हा वाद न्यायालयांपुढे आलेला आहे. हितेश वर्मा यांच्या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे या कलमात बसत नाही. परंतु 2022 साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेल्या मुलाखतीच्या संदर्भात असे ठरविले की, अपमान होत असता त्या व्यक्तीने समोर हजर असलेच पाहिजे असे नाही. इंटरनेटवरून तो मजकूर कोणासही पाहता येतो, तेव्हा तो लोकांच्या नजरेत आला. यावरून मी असे समजतो की, जी सभा सर्वांना खुली आहे तीत जातीवरून शिवी लिहिणारा सुटू नये. सभा केवळ निमंत्रितांची असेल तर मात्र वाद होईल. म्हणून सभा खुली ठेवावी व ती खुली आहे असे जाहीर करावे.

त्याचबरोबर आपल्या मुलांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘तुमची कविता मला आवडली नाही’ हा अत्याचार नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये शाजन स्कारिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर केलेली प्रत्येक टीका या कायद्याखाली येत नाही. अपमान जातीच्या कारणास्तव झाला पाहिजे. हा निकाल काहींना रुचला नाही. साहित्याच्या बाबतीत मला तो योग्य वाटतो. ज्याला मंच हवा त्याने टीकाही सोसली पाहिजे, आणि जो कायदा वेठबिगारी व बहिष्कार यांविरुद्ध झगडून मिळविला तो रसग्रहणाच्या भांडणात झिजवू नये.

परंतु खरोखरीच जातीवरून शिवी आली तर काय करावे? प्रथम ती पुसू नये. संतापाच्या भरात यजमान ती पुसून टाकतो आणि पुराव्याची माती होते. तारीख व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मुद्रण जपून ठेवावे, ज्या खात्यावरून मजकूर आला त्याचे नाव व पत्ता उतरून घ्यावा, आणि ज्या यंत्रावर हे सर्व आहे ते यंत्र सांभाळावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कोण देणार हे कार्यक्रमाआधीच ठरलेले असावे. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. आणि 2018 साली घातलेल्या कलम 18-अ प्रमाणे या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. ठाण्यात ‘आधी चौकशी करू’ असे ऐकावयास मिळाले तर या कलमाचा आकडा शांतपणे सांगावा. आकडा सांगितल्यावर पुष्कळदा खुर्ची मिळते, असे मी पाहिले आहे.

आता त्या कंत्राटी कामगाराविषयी, ज्याच्या प्रश्नामुळे मला हे भाषण लिहून काढावेसे वाटले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो काम करतो. रासायनिक कारखान्यातील रात्र, नाकाला झोंबणारा वायू, आणि शेजारी काम करणाऱ्या सोबत्याचा अपघात, यांवर त्याने एक दीर्घ कविता लिहिली आहे. ती त्याने मला वाचून दाखविली. ती चांगली आहे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ऐकताना त्या खोलीत कोणी खोकलेही नाही. त्याने विचारले की, ही वाचली तर उद्या फाटकावर माझा पास चालेल काय?

यास ‘होय, निर्धास्त वाच’ असे उत्तर देणारा वकील मला भरवशाचा वाटत नाही. कलम 19 शासनाविरुद्धचे संरक्षण देते. कंत्राटदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले तर ते कलम त्याच्या आड थेट उभे राहत नाही. कामगार कायदे आहेत, परंतु त्यांचा निवाडा मिळेपर्यंत चूल थांबत नाही. म्हणून मी त्यास असे सांगितले. कवितेत कारखान्याचे नाव येण्याची गरज आहे काय ते तू पाहा. नाव न घेता, कोणता कारखाना ते ओळखू येणार नाही अशा रीतीने लिहिले, तर अब्रुनुकसानीचा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. नाव घेतलेस तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चा विचार करावा लागेल. कंपनीचीही अब्रू असू शकते असे त्यात म्हटले आहे. त्या कलमाला अपवाद आहेत. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगणे हा पहिलाच अपवाद होय. पण मग खरे आहे हे दाखविण्यास कागद लागतात. अपघाताची नोंद, दवाखान्याची चिठ्ठी, साक्षीदार. कवितेला कागद लागत नाहीत, आरोपाला लागतात. कवितेत आरोप घातलास तर दोन्ही कामे तुला करावी लागतील.

मग एक मधला मार्ग निघाला. कविता तोच लिहील, टोपणनावाने जाईल, आणि मुखवटा म्हणून पडद्यावर त्याच्या चेहऱ्याऐवजी काळा चौकोन राहील. आवाज मात्र त्याचाच. दुसऱ्या कोणी ती वाचावी अशी सूचना बैठकीत आली होती. ती त्याने मानली नाही, आणि त्याने मानली नाही हे मला बरे वाटले.

अणुवीज केंद्राच्या बाबतीत थोडे वेगळे आहे. तारापूरचे केंद्र 1969 साली सुरू झाले. देशातील ते पहिले अणुवीज केंद्र. तेथे काम करणाऱ्याने यंत्रणेचे, सुरक्षेचे वा नकाशाचे कोणतेही वर्णन लिहू नये. शासकीय गुपितांचा 1923 चा कायदा आजही आहे आणि तो कवी-अकवी असा भेद करीत नाही. परंतु पोफरण व अक्करपट्टी या गावांची गोष्ट हे काही गुपित नव्हे. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी ही गावे उठली. आपले घर, आपली खाडी, आपल्या होड्या लागण्याची जागा कोठे होती, हे त्या गावच्या माणसाने सांगितले तर कोणताही कायदा त्यास अडवीत नाही. उलट माझी इच्छा अशी आहे की, त्या गावांतील एखाद्या वृद्ध स्त्रीने या कार्यक्रमात वीस मिनिटे बोलावे, लिहिलेले काही नसले तरी.

शेवटचा विषय मुद्रणाचा. हल्ली प्रत्येक सभा मुद्रित होते व कायमची राहते. नवोदित लेखक आनंदाच्या भरात विचारीत नाही की, हे मुद्रण कोणाचे. कविता ज्याने लिहिली त्याची, हे कलम 17 सांगते. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. जो गातो वा वाचतो त्याचा सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क कलम 38 मध्ये आहे, पन्नास वर्षांचा. 2012 च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट झाला. परंतु मुद्रण ज्याने केले त्याचाही त्या मुद्रणावर हक्क निर्माण होतो, आणि येथे घोटाळा होतो. उद्या कोणी ते मुद्रण विकले, दुसऱ्या कार्यक्रमात वापरले, तर लेखकास बातमीही लागत नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी व सही केलेले असावे लागते, तोंडी चालत नाही. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे व क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरावयाचे, असे कलम 19 मध्ये आहे. तेव्हा संयोजकांनी अर्ध्या पानाचा कागद करावा. लेखन लेखकाचेच राहील. मुद्रण एवढ्या दिवसांसाठी, विनामूल्य ऐकण्यासाठी ठेवले जाईल. पैसे मिळविण्यासाठी वापरावयाचे झाल्यास पुन्हा विचारले जाईल. लेखकाने सांगितल्यास काढून टाकले जाईल. एवढी चार वाक्ये, ज्यास जी भाषा वाचता येते तीत. ज्यास वाचता येत नाही त्यास ती वाचून दाखवावी आणि मगच अंगठा घ्यावा. आपल्या आजोबांचे अंगठे कोणकोणत्या कागदांवर घेतले गेले ते आठवावे.

धवलेरीच्या गाण्यांना मात्र हा कागद पुरत नाही. ती गाणी तिने एकटीने रचलेली नाहीत, तेव्हा एका व्यक्तीचा कॉपीराइट त्यांवर सांगता येत नाही. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, परंतु तो चित्रापुरता आहे. गाण्याला तसे काही नाही. म्हणून येथे कायद्यापेक्षा विचारणेच उपयोगी. काही गाणी मांडवाखालीच म्हणावयाची असतात, ती खेळ म्हणून म्हणता येत नाहीत. कोणती म्हणावयाची आणि कोणती नाही हे तीच ठरवील. गाण्याखाली कोणा संग्राहकाचे नाव कवी म्हणून टाकू नये. तिची संमती असेल तर तिचे नाव व पाड्याचे नाव टाकावे. मुद्रणाची कळ दाबण्यापूर्वी तिला विचारावे. ती नको म्हणाली तर कळ बंद ठेवावी, गाणे होऊ द्यावे, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव इतरांच्या बरोबरीने, त्याच टायपात छापावे.